फोटोखालचं नाव

ओकलंड,
रविवार, दुपार

प्रिय मारी,

तू फोनवर ठेवलेला निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकला. इत्झेल कॉलेज सोडणार, शेवटचं एक वर्ष उरलेलं असताना सोडणार, आणि पुढच्या सोमवारपासून वॉटसनव्हिलच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात स्ट्रॉबेरीच्या गाड्यांच्या नोंदी करायला बसणार. म्हणते काय, तर "आई, कॉम्प्युटर हे आपल्या लोकांचं काम नाही, मला नाही झेपत." आणि तू मला विचारतेस, "लव्हॉन, तू त्यातली आहेस आणि तुला गोड बोलता येत नाही. खरं सांग, माझ्या मुलीत ते आहे का? नसेल तर मी तिला उगाच ओढत बसणार नाही." उलट फोन करून याचं उत्तर मी दोन वाक्यांत देऊ शकले असते. दिलं नाही. त्याऐवजी हातात पेन घेऊन बसलेय, आणि माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीतच आहे. का, ते शेवटी सांगते. मधल्या पानांवरून उडी मारून शेवट वाचू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे.

आई आत्ताच चर्चमधून आली. टोपीसुद्धा न काढता ती गंबोच्या, आमच्या त्या घट्ट रश्श्याच्या, पातेल्यापाशी उभी आहे, कारण मी ढवळते ते तिला पसंत नाही. तिनं विचारलं, "कुणाला एवढं खरडते आहेस? नवीन कुणी सापडला की काय?" म्हटलं, "मारीला." तर म्हणाली, "मग लिही बाई. आणि विचार, नाताळात ते मक्याचे तमाले पाठवणार आहे की यंदाही मास्तरीणबाईंना वेळ नाही?" इत्झेलचं कळल्यावर मात्र तिचा डाव हातातच राहिला. मग तिनं तेच म्हटलं, जे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय : "त्या पोरीला सांग, आपल्याला दुप्पट पळावं लागतं, तेव्हा कुठं निम्मं मिळतं." मारी, मी आता पन्नाशीला टेकले. दुप्पट पळून झालं. ते निम्मं कुठं ठेवलंय, एवढं एकदा कुणीतरी मला सांगावं.

तू नोकरी सोडून गेल्यापासून आपल्या कंपनीनं नवी इमारत घेतली. गच्चीवर बाग आहे, कुत्र्यांसाठी वेगळी जागा आहे, आणि माझ्यासाठी एक समिती आहे. सर्वांना सामावून घेणारी समिती. मी तिची अध्यक्ष. पगार तोच, माझं रोजचं काम तेवढंच, वर ही समिती. दर महिन्याला आम्ही बसतो, कुणीतरी चार्ट दाखवतं, आम्ही बिस्किटं खातो आणि उठतो. इंजिनिअरांच्या मजल्यावर माझ्या काळ्या रंगाचं दुसरं कुणी आहे का म्हणशील तर नाही. तुझ्या गावाकडचं कुणी? भिंतींना रंग द्यायला आले होते ते. तुला आठवतं, पूर्वी कॉरिडॉरमध्ये आमच्यातलं कुणी समोरून आलं की आम्ही मानेनं एक हलकी खूण करायचो, ओळख असो-नसो? तू चिडवायचीस, "तुमची काय गुप्त संघटना आहे का गं?" आणि मग तूही करायला लागलीस. आता ती खूण करायला दारावरचे मिस्टर क्लिओफस तेवढे उरले आहेत. सकाळी आत जाताना एकदा आणि संध्याकाळी बाहेर पडताना एकदा.

तुझा तो फोटो त्यांनी नव्या इमारतीतही आणला, हे तुला मी सांगितलं नव्हतं. सांगवलं नाही. लॉबीत, लिफ्टच्या शेजारी, माझ्यापेक्षा उंच. तू पांढऱ्या फळ्यापुढे हसत उभी आहेस. कंपनी सोडून तुला इतकी वर्षं झाली, तू तिकडे शाळेत पोरांना बीजगणित शिकवतेस, आणि इकडे तू रोज पाहुण्यांचं स्वागत करतेस. फोटोखाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, "इथे प्रत्येकाला जागा आहे." तुझं नाव नाही. नाव कधीच नव्हतं.

तो फोटो काढला तो दिवस आठव. फोटोग्राफरच्या मदतनिसानं फळ्यावर नुसती शोभेची चिन्हं काढून ठेवली होती, कुठल्याशा पुस्तकातनं उतरवलेली. तू ती पुसलीस. तो बिचारा "अहो बाई, अहो बाई" करतोय, आणि तू म्हणालीस, "फोटो खोटा असला तर असू दे, गणित तरी खरं असू दे." मग तू ट्रकांचं ते तुझं उत्तर लिहिलंस. आपला प्रोग्रॅम तेव्हा ट्रक गच्च भरेपर्यंत सोडायचाच नाही आणि भाजीपाला रस्त्यावर सडायचा. तू लहानपणी शेताच्या तळावर उन्हात उभं राहून पाहिलं होतंस की स्ट्रॉबेरीचा ट्रक कधीकधी अर्धा रिकामाच सोडावा लागतो, कारण ऊन कुणासाठी थांबत नाही. ट्रक कधी थांबवायचा आणि कधी अर्धाच सोडायचा, याचा तो हिशेब. कॅमेरा लागला तेव्हा मी चौकटीच्या बाहेर उभी होते आणि हळूच म्हटलं, "मारी, एवढी हसू नकोस, लोकांना वाटेल आपण इथं सुखात आहोत." त्यावर तू जी खदखदून हसलीस, तेच ते हसू. कंपनीनं बारा महिने चोवीस तास वापरलं.

त्यानंतरचं तुला सांगायला नको, पण मला लिहून काढायचंय. वरिष्ठांपुढे ते उत्तर मांडायची वेळ आली तेव्हा तू उभी राहिलीस आणि आधी सगळ्यांची नावं घेतलीस. हे अमक्यानं तपासलं, ते तमक्यानं सुचवलं, तळावरच्या माणसांकडून मी शिकले, लव्हॉननं चुका काढल्या. मी कसल्या चुका काढल्या होत्या? तीन ठिकाणी नुसती मान डोलावली होती. पण तुमच्याकडची रीतच ती. शेतात टोळीनं माल भरायचा, टोळीनं सांगायचा, एकानं "मी भरला" म्हटलं तर बाकीचे त्याच्याकडे बघत राहतात. ज्याचा हात लागला त्याचं नाव घ्यायचं, आणि स्वतःचं दुसऱ्यानं घेईपर्यंत थांबायचं. तू थांबलीस. कुणी घेतलं नाही. आपल्या साहेबानं, प्रेस्कॉटनं, "माझ्या टीमनं" एवढं म्हटलं आणि बढती घेऊन वरच्या मजल्यावर गेला. तुझ्या कामगिरीच्या अहवालात आलं, "काम चांगलं, पण स्वतःचा वाटा स्पष्ट नाही." तू वस्तू आवरल्यास त्या दिवशी मी तुझ्यावर रागावले होते, आठवतं ना? म्हटलं होतं, "तू जा, म्हणजे ते म्हणायला मोकळे, की ह्या बायका टिकतच नाहीत." तू म्हणालीस, "मग तू टिक." आणि मी टिकले, दातओठ खात टिकले.

आता जरा खुर्चीत नीट बस. इत्झेलनं तुला सांगितलं की शहरात कुठल्याशा कंपनीत मुलाखत होती आणि ती बिघडली. ती कुठलीशी कंपनी नव्हती, मारी. आपलीच होती. तुझ्या घरात त्या कंपनीचं नाव काढलेलं चालत नाही म्हणून पोरीनं तुझ्यापासून लपवलं. अर्ज बापाच्या आडनावानं केला होता, झारागोसा म्हणून. मला मात्र आदल्या दिवशी फोन आला, "मावशी, तुम्ही तिथं असाल तर मला ओळख दाखवू नका. आईच्या नावावर नको, तुमच्या वशिल्यानं नको. मला बघायचंय, मी माझी मी जाऊ शकते का." मी शब्द दिला. आणि तिथं मी असणारच होते, कारण नवा नियम आहे : तुमच्या-आमच्यासारखा उमेदवार आला की मुलाखतीत आमच्यापैकी एक माणूस बसवायचा. सगळ्या मुलाखतींना तो एक माणूस म्हणजे मीच.

ती आली, निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले, आणि तिला लॉबीतल्या सोफ्यावर बसवलं. तो सोफा नेमका तुझ्या फोटोखाली आहे. तीच हनुवटी, गालावरची तीच खळी, वर आई आणि खाली लेक. प्रेस्कॉट तिच्याशी हात मिळवून पुढे गेला, मुलाखत घेणारा गॅरेट तिला न्यायला आला, कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. रोज त्या फोटोसमोरून जातात, पण तुझा चेहरा कुणी बघितलेलाच नाही. मिस्टर क्लिओफस मात्र तिच्याकडे पाहून मानेनं खूण करते झाले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो बाई, ही त्या फोटोतल्या बाईंची पोर ना?" मी ओठांवर बोट ठेवलं.

आणि विचारलं काय तिला? ट्रकांचंच. तुझा तो प्रश्न आता मुलाखतीत सगळ्यांना विचारतात, कुणाचा आहे ते कुणाला ठाऊक नाही. बहुतेक पोरं ट्रक भरत बसतात आणि वेळ संपते. इत्झेलनं फळ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ट्रक भरायलाच हवा असं कोणी सांगितलं? ऊन किती आहे ते आधी सांगा." मी टेबलाखाली मुठी आवळून बसले होते, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या. तिनं ते तुझ्यापेक्षा वेगळ्या वाटेनं सोडवलं, आणि माझं प्रामाणिक मत विचारशील तर तुझ्यापेक्षा देखणं सोडवलं. रागावू नकोस. मग त्यांनी कॉलेजातल्या प्रकल्पाबद्दल विचारलं, आणि तिथं ती तुझीच मुलगी निघाली. ही कल्पना वर्गातल्या रेमुंदोची, ही चूक सरांनी पकडली, हे आईमुळे सुचलं. सगळा डोलारा तिनं एकटीनं उभा केलाय हे तिच्या उत्तरांवरून मला कळत होतं, पण सगळ्यांना वाटून झाल्यावर स्वतःला ठेवायला तिच्याकडे काही उरलंच नाही.

ती गेल्यावर आम्ही दार लावून बसलो. गॅरेट म्हणाला, "फारच लवकर सोडवलं. प्रश्न आधी माहीत असणार." त्याच दिवशी सकाळी एका मुलाला तो प्रश्न सुटलाच नव्हता, तर त्याच्याबद्दल हाच गॅरेट म्हणाला होता, "मला त्याची विचार करायची पद्धत आवडली." मी विचारलं, "म्हणजे सुटला नाही तर विचार, आणि सुटला तर चोरी?" तो म्हणाला, "लव्हॉन, चिडू नकोस." मी चिडले नव्हते. मला चिडलेलं बघायचंच असेल तर तशी सोय आहे. मी म्हटलं, "उत्तर चोरायला कशाला हवं, आपणच ते भिंतीवर टांगलंय, लिफ्टशेजारी, सहा फुटांचं. तुमच्यापैकी कुणी वाचलंय का?" सगळे असे बघायला लागले, की ही बाई काय बरळतेय. प्रेस्कॉटसुद्धा. ज्या उत्तरावर तो वरच्या मजल्यावर गेला, ते त्याला आठवत नव्हतं.

मग प्रकल्पाचं निघालं. "तिचा स्वतःचा वाटा स्पष्ट नाही." अक्षरशः तेच शब्द, मारी. मला वाटलं कुणी जुनी टेप लावली. आणि शेवटी आमच्याकडचा तो लाडका प्रश्न, तुझ्या वेळी नव्हता : "विमानतळावर हिच्याबरोबर रात्रभर अडकलात, तर कंटाळा येईल का?" यावरून ठरवतात माणूस आपल्यात मिसळेल की नाही. गॅरेट म्हणाला, "मुलगी चांगली आहे, पण गप्पा काय मारणार?" मी म्हटलं, "मी इतकी वर्षं तुमच्याबरोबर अडकून पडलेय, मला कुणी विचारलं का, कंटाळा येतो का म्हणून?" आमच्याकडे एका माणसाचं "नाही" पुरतं. गॅरेटनं "नाही" म्हटलं. माझं "हो" पालथ्या घड्यावरचं पाणी.

तिथं आमचा मंदारही होता. मूळचा पुण्याचा, हुशार, स्वभावानं गरीब. त्यानं निम्मी टीम स्वतःच्या कॉलेजची भरलीय, त्याला ओळखीनं शिफारस म्हणतात, आणि त्याबद्दल कंपनी त्याला बक्षीस देते. मी इत्झेलची ओळख सांगितली असती तर मला खोलीबाहेर काढलं असतं, त्याला वशिला म्हणतात. बैठकीत तो एवढंच म्हणाला, "आपण इथं फक्त गुणवत्ता बघतो." नंतर कॉफीच्या मशीनपाशी जवळ येऊन हळूच म्हणतो, "लव्हॉनताई, तुमचं बरोबर होतं हं. मुलगी भारी होती." मी म्हटलं, "मग हे खोलीत बोलायला तुझी जीभ कुणी गहाण ठेवली होती?" मला गॅरेटचा राग आला, पण मंदारचा जास्त आला. गॅरेटला दिसत नाही. मंदारला दिसतं, आणि तो मूग गिळून बसतो, कारण त्याची स्वतःची खुर्ची अजून पुरती गरम झालेली नाही. बाहेरून आल्याचं काय असतं ते त्याला कुणी शिकवायला नको, तरी.

इत्झेलला नकाराचं दोन ओळींचं पत्र गेलं, "आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार." कारण लिहीत नाहीत. मग पोरीनं कारण स्वतःच शोधलं, आणि ते स्वतःतच शोधलं. मी फोन केला, तर म्हणाली, "मावशी, मी बहुतेक बावळटासारखं बोलले." मी म्हटलं, "नाही गं," पण त्यापुढे एक शब्द बोलू शकले नाही. आम्ही सगळ्यांनी सही करून दिलेली आहे, खोलीत जे बोललं जातं ते खोलीत राहतं. मग ती एकदम म्हणाली, "मी वाट बघत बसले होते ना, तेव्हा मान वर वळवून सगळा वेळ आईकडेच बघत होते. फळ्यावर काय लिहिलंय ते पाहिलंसुद्धा नाही. मावशी, आई अशी हसायची? मला माहीतच नव्हतं." फोन ठेवल्यावर मी गाडीत बसून रडले. आईला सांगू नकोस, ती लगेच मला एरंडेल पाजेल.

एक गोष्ट मला तुझ्याशी भांडून सांगायचीय. परवाच्या निरोपात तू म्हणालीस, "चूक माझीच, मी तिला मिरवायला शिकवलं नाही." खबरदार पुन्हा असं म्हणालीस तर. सगळ्यांची नावं घेणारी माणसं जगात आधीच कमी आहेत, त्यातल्या दोघी तुझ्या घरात आहेत. ती सवय मोडू नकोस, फक्त तिला एवढं सांग : सुरुवात स्वतःच्या नावापासून करायची. मग रेमुंदो, मग सर, मग आई. टोळीनं माल भरला हे खरंच आहे. पण टोळीत तीही होती.

आणि आता शेवट. गुरुवारी लॉबीतला फोटो बदलणार होते. नवीन फोटोत मी, त्याच फळ्यापुढे, हसताना. मी गेले नाही. प्रेस्कॉटला सांगितलं, "आधी जुन्या फोटोखाली नाव लावा, मग नवीन काढा." तो म्हणाला, "कुणाचं नाव?" त्यानंतर मला आणखी काही विचारायचं उरलं नाही. तुझा फोटो भंगारात जाणार होता. मिस्टर क्लिओफसनी आणि मी तो उचलून माझ्या गाडीत घातला, मागची सीट पाडून, आणि शनिवारी मी तो घेऊन तुझ्याकडे येतेय. आईही येतेय, तमालेचा विषय तीच काढेल. मी नोकरी सोडत नाही, सांगून ठेवते. त्यांना काढायचं असेल तर काढू देत, आणि काढतील कदाचित, कारण खोलीत जे बोललं गेलं ते सगळं मी वर लिहिलंय, नावांसकट, आणि उद्या सकाळी प्रेस्कॉटला जाऊन सांगणार आहे, की मी ते लिहिलंय आणि कुणाला पाठवलंय. फोनवर बोलले असते तर ते हवेत विरलं असतं, आणि इत्झेलला वाटलं असतं मावशी समजूत काढतेय. म्हणून कागदावर. मारी, हे पत्र तुझं नाही. सोमवारच्या आत ते तिच्या हातात दे. वकिलाकडे न्यायचं असेल तर नेऊ दे, फाडायचं असेल तर फाडू दे, पण कॉलेज सोडायचं असेल तर आधी हे वाचून मग सोडू दे. तू विचारलंस, तिच्यात ते आहे का. आहे. मी त्या खोलीत होते, मी पाहिलंय, आणि खाली माझं नाव लिहितेय.

तुझीच, आणि या खेपेला अख्ख्या नावानिशी,
लव्हॉन अर्लीन बटीस्ट